न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. १८७१ मध्ये ते पुण्यात न्यायाधीश झाले. सार्वजनिक सभेतल्या कामामुळे सरकारला त्यांचा संशय येऊ लागला. आधी नाशिकला, मग धुळ्याला बदली झाली, टपालावरही नजर! तरी त्यांनी काम सोडलं नाही.

१८७५ मध्ये आपल्या श्रीगोंदा तालुक्यातही शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. म्हणून १८७९ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याखालचे निकाल तपासायला रानडे पुढे नगर जिल्ह्यातही फिरले.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती तेलंग वारले. त्यांच्या जागी मुंबई हायकोर्टात त्याच सरकारने रानड्यांना निवडलं. संशयाला कामानेच उत्तर देता येतं, हे मुलांना जरूर सांगा.