नामदार गोखले आणि अफूचा पैसा

दुसऱ्याच्या नाशातून आलेला पैसा गरिबाच्या उपयोगी पडत असला, तर तो ठेवावा की सोडावा? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न हिंदुस्थान सरकारच्या कायदे कौन्सिलात उभा राहिला होता. त्यास एका मराठी पुरुषाने जे उत्तर दिले, ते आष्टी तालुक्यातील आमच्या मंडळ्यांनी जाणून घ्यावे, ह्या हेतूने हे अल्प चरित्र देत आहोत.

गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली व त्यांतील आठ रुपये दरमहा धाकट्या भावास धाडले. दुसऱ्याच्या त्यागावर आपण शिकलो, ही जाणीव गोपाळरावांनी आमरण बाळगली. पदवी मिळाल्यावर त्यांनी मोठ्या पगाराची वाट न धरता पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पंचाहत्तर रुपयांवर अध्यापन केले. पुढे १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला.

त्या काळी सरकारच्या उत्पन्नात अफूचा मोठा वाटा असे. गंगेकाठची अफू पाटणा व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तयार होऊन कलकत्त्यास लिलावाने विकली जाई; माळव्याची अफू जकात भरून मुंबई बंदरातून जाई. बहुतेक माल चीन देशी जाऊन तेथील लोक तो नळीने ओढीत व धुळीस मिळत. विलायतेत ह्याविरुद्ध चळवळ झाल्यावरून १८९३ साली रॉयल कमिशन नेमण्यात आले. परंतु १८९५ साली त्याने बंदीची आवश्यकता नाही, असे ठरविले. हेन्री विल्सन ह्या सभासदाने मात्र आपले विरुद्ध मत नोंदविले. आपल्या देशातील पुष्कळ पुढाऱ्यांसही बंदी नको होती. अफूचे उत्पन्न बुडाल्यास ती तूट रयतेवर नवे कर बसवून भरून काढतील, अशी त्यांस धास्ती होती, आणि ती पोकळ नव्हती.

गोखले तर गरीब करदात्याचे कैवारी. मिठावरील कर कमी व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले. दर मणी अडीच रुपयांचा तो कर १९०७ साली एका रुपयावर आला. अफूचे उत्पन्न जपण्यास त्यांच्याइतके कारण दुसऱ्या कोणास होते? तरीही त्याच साली अंदाजपत्रकाच्या चर्चेत त्यांनी स्पष्ट सांगितले की, चिनी लोकांच्या अधःपातातून मिळणाऱ्या ह्या पैशाची आपणांस नेहमी लाज वाटत आली आहे, आणि हा डाग धुऊन जाण्याची चिन्हे पाहून आनंद होतो.

चीनशी झालेल्या करारान्वये १९०८ पासून तिकडे जाणारी अफू दरसाल एक-दशांशाने कमी होऊ लागली, आणि मुदतीच्या आधीच, १९१३ साली, चीनकरिता होणारी विक्री थांबली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले पुण्यास निवर्तले. देशातील परवान्याची दुकाने मात्र पुढेही चालू राहिली.

आष्टी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. तरी अफूचे दुःख हद्द ओळखीत नसे. मजुरीस जाताना मूल निजून राहावे म्हणून त्यास अफूची गोळी देण्याची चाल मराठी मुलुखात पुष्कळ ठिकाणी होती. आज ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचा घामाचा पैसा दारूच्या गुत्त्यात जातो. दुकान बंद करण्यास गावातील बायकांच्या मतदानाचा मार्ग महाराष्ट्रात खुला आहे. अशा वेळी दुकानापासून गावास चार पैसे मिळतात, असे कोणी म्हणू लागेल. आमच्या बंधुभगिनींनी तेव्हा गोखल्यांचे स्मरण करावे. त्यांनी तोटा नाकारला नाही; तो पत्करावयाच्या योग्यतेचा आहे, एवढेच सांगितले.