पंडिता रमाबाई : कन्येच्या संस्कारांचा अधिकार जपणारी माता

भारतीय स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन आणि बायबलचा मराठी अनुवाद हे त्यांचे कार्य सर्वपरिचित आहे. मात्र, आपल्या एकुलत्या कन्येच्या धर्मशिक्षणाबाबत त्यांनी घेतलेली ठाम भूमिका तुलनेने अल्पज्ञात राहिली आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सध्याच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढींचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या कन्येला दिली. पुढे दुष्काळात माता-पित्यांचे निधन झाले, तरी हा वारसा टिकून राहिला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ ही पदवी बहाल केली.

१८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमाचा जन्म झाला. ती एक वर्षाची होण्यापूर्वीच बिपिनबिहारी यांचे निधन झाले.

१८८३ मध्ये रमाबाई मनोरमासह इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे दोघींनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाई चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना मनोरमाचा काही काळ वाँटेजच्या भगिनींच्या सहवासात गेला. तेथेच मतभेद उद्भवले. बाप्तिस्मा झालेल्या बालिकेला चर्चचे सर्व सिद्धांत शिकवले गेले पाहिजेत, असे भगिनींचे मत होते. त्रैक्यासारखे काही सिद्धांत रमाबाईंच्या स्वतःच्या बुद्धीला त्या वेळी पटलेले नव्हते. जे आपण स्वीकारलेले नाही, ते कन्येच्या मनावर बिंबवले जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांच्या आश्रयाने त्या परदेशात शिकत होत्या, त्यांच्याशीच हा वाद होता. तरीही मातेचा निर्णयाधिकार त्यांनी सोडला नाही.

मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ही संस्था पुण्यास हलवण्यात आली. तेथे विद्यार्थिनींवर धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. रमाबाई मनोरमासह आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली स्वेच्छेने तेथे येऊन बसू लागल्या. हे दार बंद करण्यास त्यांनी नकार दिला. १८९३ मध्ये यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील मान्यवरांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुलींना काढून नेले. इतरांच्या मुलींबाबत पालकांचा अधिकार कोठवर, हा प्रश्न आता स्वतः रमाबाईंपुढेच उभा ठाकला होता.

१८९६ नंतरच्या दुष्काळांत त्यांनी शेकडो निराधार मुलींना केडगावला आणले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे सुमारे दोन हजार स्त्रिया व मुली राहत होत्या. अक्षरज्ञानासोबत विणकाम, मुद्रण आणि शेतीचे शिक्षण देऊन त्यांना स्वावलंबी करण्यात येत असे. अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमाबाई या कार्यात मातेच्या प्रमुख सहकारी ठरल्या. मुक्ती मिशनची धुरा त्याच सांभाळतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. परंतु १९२१ च्या जुलैमध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंची प्राणज्योत मालवली. ज्या कन्येसाठी त्यांनी संघर्ष केला, ती वारसदार म्हणून मागे उरली नाही. तथापि, केडगावच्या आश्रमात वाढलेल्या मुलींच्या रूपाने त्यांच्या संस्कारांचा वारसा पुढील पिढीपर्यंत पोहोचला.