लूथर ह्यांच्या घरचा ख्रिस्तजन्माचा सण

ख्रिस्तजन्माचा सण जवळ आला म्हणजे आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींकडून दोन प्रश्न आम्हांस विचारण्यांत येतात. सण मंदिरांत होतोच, पण घरांत तो कसा पाळावा, हा पहिला. ज्या घरीं त्या वर्षीं मृत्यु झाला असेल त्या घरानें तो पाळावा कीं नाहीं, हा दुसरा. घरांत कोणी वारलें म्हणजे वर्षभर सणवार करीत नाहींत, ही आपल्याकडील चाल सर्वांच्या परिचयाची आहे. ह्या प्रश्नांचें उत्तर म्हणून आम्ही आज एका घराची हकीकत सांगतों. तें घर मार्टिन लूथर ह्यांचें.

लूथर ह्यांचा जन्म जर्मनी देशांत आइस्लेबेन गांवीं ता. १० नोव्हेंबर १४८३ रोजीं झाला. शाळेंत असतां इतर मुलांबरोबर दारोदार गाणीं म्हणून ते भाकरी मिळवीत. पुढें १५०५ सालीं ते एर्फुर्ट येथील मठांत शिरून संन्यासी झाले. १५१७ सालीं त्यांनीं क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ सिद्धांत मांडले, आणि १५२१ सालीं वर्म्स येथें बादशहासमोर उभे राहून आपलें लिखाण मागें घेण्याचें नाकारलें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

त्या १५२१ सालचा ख्रिस्तजन्माचा सण त्यांनीं वार्टबुर्ग किल्ल्यांत लपून राहून काढला. त्याच डिसेंबरांत त्यांनीं नव्या कराराचें जर्मन भाषांतर हातीं घेतलें व सुमारें अकरा आठवड्यांत तें संपविलें. गव्हाणीची व मेंढपाळांची गोष्ट बाजारांत व चुलीपाशीं लोक बोलत तशा सोप्या भाषेंत त्यांनीं उतरविली. इकडे विटेनबेर्ग शहरीं त्यांच्या मागें कांहीं उतावळ्या मंडळींनीं जुनें तेवढें सर्व मोडून टाकण्याचा सपाटा चालविला, व मंदिरांतील मूर्तिहि फोडण्यांत आल्या. १५२२ च्या मार्चांत लूथर परत आले व त्यांनीं लागोपाठ आठ दिवस उपदेश करून लोकांस शांत केलें. बळजबरीनें मनें पालटत नाहींत, हें त्यांचें सांगणें होतें. जें शास्त्राविरुद्ध तें सोडावें, आणि जें निर्दोष व उपयोगी तें राखावें, ही त्यांची रीत. ख्रिस्तजन्माचा सण त्यांनीं राखला. त्या सणांत लोक जर्मन भाषेंत एक जुनें कडवें म्हणत; तेंहि त्यांनीं टाकलें नाहीं. त्यास सहा कडवीं जोडून १५२४ सालीं त्यांनीं तें छापून काढलें.

ता. १३ जून १५२५ रोजीं त्यांचा काथरीना फॉन बोरा ह्यांशीं विवाह झाला. ह्या बाई मठ सोडून आलेल्या होत्या. रिकाम्या पडलेल्या मठाच्या इमारतींतच उभयतांनीं संसार मांडला. त्यांस सहा मुलें झालीं. शिवाय नात्यांतलीं पोरकीं मुलें, विद्यार्थी व पाहुणे ह्यांनीं तें घर सदा भरलेलें असे. लूथर ह्यांच्या हातीं पैसा टिकत नसे. गुरें, डुकरें, बाग, शेत व घरखर्च हें सर्व काथरीनाबाई सांभाळीत. असें हें घर होतें. धनिकाचा वाडा नव्हे.

कित्येक चित्रांत लूथर ह्यांस मेणबत्त्यांनीं उजळलेल्या झाडाजवळ मुलांसह बसलेले दाखवितात, आणि त्या झाडाची चाल त्यांनींच पाडली असेंहि सांगतात. परंतु तीं चित्रें एकोणिसाव्या शतकांतलीं आहेत. त्यांच्या काळच्या लेखांत अशा झाडाचा पत्ता नाहीं. १६०५ सालच्या एका लेखांत स्ट्रासबुर्ग येथील लोक घरांत झाड उभें करून त्यास कागदी फुलें व सफरचंदें लावीत असें लिहिलें आहे. त्यांतहि मेणबत्त्यांचें नांव नाहीं. मग त्या घरीं होतें काय? मुलांस खाऊ व लहानसहान भेटी मिळत. पूर्वीं त्या ता. ६ डिसेंबरास, संत निकोलाच्या दिवशीं देत. त्या बाळ येशूच्या नांवानें त्याच्या जन्मदिवशीं द्याव्या, ही चाल सुधारणेच्या काळांत जर्मनींतील ख्रिस्ती घरांतून हळूहळू रुजली. आणि दुसरें म्हणजे, त्या घरीं गाणें होतें. लूथर ल्यूट नांवाचें तंतुवाद्य वाजवीत, आणि जेवण झाल्यावर घरची मंडळी एकत्र गात.

ता. १७ डिसेंबर १५३४ रोजीं, म्हणजे सणाच्या आठच दिवस आधीं, त्यांची धाकटी मुलगी मार्गारेथा जन्मली. पुढच्याच सालीं त्यांचें ख्रिस्तजन्माचें पंधरा कडव्यांचें गीत छापून निघालें. हें मुलांचें गीत आहे असें त्याच्या मथळ्यांतच लिहिलें होतें. त्या काळीं तरुण मुलेंमुली कोडीं घालून खेळत व जिंकणारास फुलांचा हार देत. त्या खेळाच्या गाण्यांत दूर देशाहून बातमी घेऊन येणाऱ्या परक्याचें कडवें असे. लूथर ह्यांनीं तें कडवें व त्याची चाल उचलली, आणि परक्याच्या जागीं देवदूत उभा केला. आरंभीं देवदूत वार्ता सांगतो, मग मुलें मेंढपाळांबरोबर गव्हाणीकडे निघतात, बाळ येशूशीं बोलतात, आणि आपल्या अंतःकरणांत त्याला निजावयास जागा देतात. पांच वर्षांच्या पोरासहि समजेल असें तें आहे. पुढें १५३९ सालीं त्यास नवी चाल लागली. त्या चालीवर तें आजपर्यंत गातात.

ह्या घरावर मृत्यूची छाया पडली नाहीं असें नाहीं. एलिझाबेथ ही मुलगी आठ महिन्यांचीहि झाली नव्हती तोंच १५२८ सालीं गेली. त्यानंतर जन्मलेली माग्दालेना सर्वांची लाडकी. तीहि तेरा वर्षांची असतां ता. २० सप्टेंबर १५४२ रोजीं बापाच्या हातांवर वारली. हजारोंस धीर देणारा हा मनुष्य त्या दिवशीं ढसढसा रडला. मुलगी प्रभूकडे गेली ह्याबद्दल आभार मानणें योग्य, हें कळत असूनहि आईबापांचें दुःख आवरत नाहीं, असें त्यांनीं आपल्या मित्रास लिहून कळविलें. आणि पुढल्याच वर्षीं, १५४३ सालीं, लूथर ह्यांचें ख्रिस्तजन्माचें आणखी एक गीत छापलें गेलें. तें गीत त्या मुलीसाठींच लिहिलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण देव आपल्यांत आला, आतां पाप व मृत्यु आपलें काय करणार, हा त्यांतील आशय आहे. लेकीला पुरून आलेल्या बापानें ही गोष्ट मुलांच्या तोंडीं घातली. आमच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ह्याहून निराळें आम्हांस देतां येत नाहीं.

ह्या पुरुषाचें सर्वच अनुकरणीय होतें असें मात्र कोणी समजूं नये. त्याच १५४३ सालीं त्यांनीं यहूदी लोकांविरुद्ध अत्यंत कठोर व अन्यायाचें पुस्तक लिहिलें. त्याचा पुढें फार वाईट उपयोग झाला, आणि त्यांच्या नांवानें चालणाऱ्या मंडळ्यांनीं तें लिखाण उघडपणें नाकारलें आहे. वडिलांकडून आलेलें पाखडून घ्यावें लागतें; धान्य ठेवावें व कोंडा टाकावा. हें लूथर ह्यांनींच शिकविलें, आणि तें त्यांच्या स्वतःच्या लिखाणासहि लागू आहे.

ता. १८ फेब्रुवारी १५४६ रोजीं लूथर जन्मगांवीं आइस्लेबेन येथें वारले. मागें काथरीनाबाईंवर युद्ध, पळापळ व गरिबी ओढवली. १५५२ सालीं विटेनबेर्गांत सांथ आली, तेव्हां मुलांस घेऊन निघाल्या असतां गाडीच्या अपघातांत त्या जबर दुखावल्या, आणि सणास पांच दिवस उरले असतां, ता. २० डिसेंबरास टोर्गाउ येथें त्यांनीं प्राण सोडला. घर गेलें, आईबाप गेले. गीत मात्र राहिलें, कारण तें मुलांच्या कंठांत होतें. तेथें चोर शिरत नाहीं व कसरहि लागत नाहीं.

म्हणून, प्रिय वाचकहो, नवीं वस्त्रें किंवा गोडधोड झालें नाहीं तर सण बुडाला असें समजूं नका. आपल्या महाराष्ट्रांत नारायण वामन टिळक ह्यांनीं अभंगांत ख्रिस्ताची स्तुति गाऊन ठेवली आहे, आणि पाळणा म्हणणें आपल्या आयाबहिणींस कोणी शिकवावें लागत नाहीं. सणाच्या संध्याकाळीं दिवा लावून बापानें शुभवर्तमानांतील जन्माची गोष्ट वाचावी. वाचतां येत नसेल तर तोंडानें सांगावी. आईनें पाळणा म्हणावा, मुलांनीं मागून म्हणावा, आणि शेजारची एकटी म्हातारी असेल तिला बोलावून आणावें. ज्या घरीं ह्या वर्षीं कोणाची जागा रिकामी असेल त्या घरानें रडत रडत कां होईना, पण गावें. उपदेशकांनीं त्या घरीं आधीं जावें व त्यांच्याबरोबर बसून गावें.