अडथळे ओलांडणारा आल्विन क्रेंझलाइन

आपल्या खेड्यांतील मुलें शेताचे बांध व ओढे उड्या मारून ओलांडतात, हें आपण नित्य पाहतों. पश्चिमेकडील देशांत ह्याच खेळाची रीतसर शर्यत होते. मार्गावर ठराविक अंतरावर दहा चौकटी उभ्या करितात, आणि त्या सर्व ओलांडून जो प्रथम पोहोंचेल तो जिंकतो. ह्या शर्यतीस ज्यानें नवें वळण लाविलें, त्या आल्विन क्रेंझलाइनची ही हकीकत आहे.

त्याचा जन्म १२ डिसेंबर १८७६ रोजीं अमेरिकेंतील मिनिआपोलिस शहरीं एका जर्मन वंशाच्या कुटुंबांत झाला. प्रथम विस्कॉन्सिन येथील व नंतर पेनसिल्व्हेनिया येथील विद्यापीठांत त्याचें शिक्षण झालें, आणि तो दंतवैद्य झाला. परंतु त्याची कीर्ति झाली ती त्याच्या पायांमुळें.

उंच चौकट साडेतीन फुटांची असते. पूर्वीचे बहुतेक धांवपटू तिच्यापाशीं येतांच गुडघे पोटाशीं घेऊन उडी मारीत. त्यामुळें वेग मोडे व पुन्हा आरंभापासून धांवावें लागे. क्रेंझलाइन पुढचा पाय सरळ लांब टाकी, अंग पुढें झुकवी, आणि जणूं एक मोठें पाऊल टाकावें तशी चौकट मागें टाकून धांवत राही. अशी रीत त्याच्यापूर्वीं क्वचित् कोणी अवलंबिली होती, परंतु तिला पूर्णता आणून ती रूढ केली त्यानेंच. १८९८ सालीं २२० यार्डांची अडथळ्यांची शर्यत त्यानें २३.६ सेकंदांत पुरी केली. हा विक्रम पुष्कळ वर्षें अबाधित राहिला.

१९०० सालीं पॅरिस येथें ऑलिंपिक सामने झाले. तेथें अवघ्या तीन दिवसांत त्यानें चार स्पर्धा जिंकल्या : साठ मीटर धांवणें, लांब उडी आणि अडथळ्यांच्या ११० व २०० मीटरांच्या शर्यती. सांघिक शर्यतीचा आधार न घेतां एकाच ऑलिंपिकमध्यें मैदानी खेळांचे चार विजय मिळविणारा दुसरा कोणी आजवर झाला नाहीं. २०० मीटरांच्या शर्यतींत त्याच्या मागोमाग दुसरा आला तो कलकत्त्यास जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड, हेंही आपण ध्यानांत ठेवावें.

परंतु ह्या यशांतील एका विजयाची गोष्ट निराळी आहे. लांब उडीची अखेरची फेरी रविवारीं, १५ जुलै रोजीं, ठेवण्यांत आली होती. कित्येक अमेरिकन विद्यालयांनीं त्या पवित्र दिवशीं खेळण्यास हरकत घेतली. शनिवारच्या प्राथमिक फेरींत मायर प्रिन्स्टाईन हा सर्वांत पुढें होता. तो यहूदी कुळांतला, म्हणजे शनिवार हा त्याच्या पूर्वजांचा शब्बाथ. त्या दिवशीं तो खेळला होता, परंतु त्याचें विद्यालय मेथडिस्टांचें असल्यामुळें रविवारीं त्यास मनाई झाली. क्रेंझलाइनही खेळणार नाहीं, अशी त्याची समजूत होती, असें सांगतात. परंतु क्रेंझलाइन मैदानावर आला, आणि ७.१८५ मीटर उडी मारून अवघ्या एका सेंटिमीटरनें, म्हणजे बोटाच्या रुंदीहूनही कमी अंतरानें, जिंकला. सोमवारीं पुन्हा उडी व्हावी, ही प्रिन्स्टाईनची मागणी त्यानें नाकारली, आणि तेव्हां प्रिन्स्टाईननें संतापून त्यास ठोसा मारिला, अशीही हकीकत आहे. प्रिन्स्टाईननें मात्र सोमवारीं तिहेरी उडी जिंकली, व १९०४ सालीं सेंट लुई येथें दोन्ही उड्यांत तो पहिला आला.

पॅरिसहून परतल्यावर क्रेंझलाइननें लौकरच स्पर्धा सोडल्या. कांहीं काळ त्यानें दंतवैद्यकी केली, परंतु त्याचें मन इतरांस शिकविण्यांत रमलें. १९१६ चे ऑलिंपिक सामने बर्लिन येथें व्हावयाचे होते. त्यांच्या तयारीसाठीं १९१३ सालीं जर्मनीनें त्यास मोठ्या वेतनावर बोलाविलें. पण पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, सामने झालेच नाहींत, आणि तो मायदेशीं परतला. नंतर त्यानें अमेरिकन सैन्यांतील शिपायांस व पुढें क्यूबांतील खेळाडूंस शिक्षण दिलें. ६ जानेवारी १९२८ रोजीं, वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं, तो वारला.

वाचकहो, त्या रविवारीं क्रेंझलाइननें खेळाचा एकही नियम मोडला नव्हता. त्याच्या विद्यापीठानेंही निर्णय ज्याच्या त्याच्या मनावर सोंपविला होता. तरी दुसऱ्याच्या हातापायांस बंधन पडलें असतां आपण मोकळेपणानें पुढें जावें काय, हा प्रश्न उरतोच. असा प्रसंग आपल्याही गांवांत, जमिनीच्या वांटणींत, बाजारांत व पंचांपुढें येतो. लांकडाची चौकट ओलांडली कीं नाहीं, हें सर्व जग पाहतें. मनांतील ही चौकट मात्र ज्याची त्यालाच दिसते, आणि तिच्यापाशीं कोणीही पंच उभा नसतो.