ताऱ्यांचं गणित मांडणारा डॉपलर वादळाच्या वाऱ्यापर्यंत कसा पोहोचला?

सायरन वाजवत येणारी रुग्णवाहिका पुढे निघून गेली की तिचा आवाज एकदम खाली उतरतो. हे तुम्ही अनेकदा ऐकलं असेल. यामागचा नियम मांडणाऱ्या ख्रिश्चन डॉपलर यांचं आयुष्य मात्र फारसं सुखाचं नव्हतं.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये एका पाथरवटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. प्रकृती नाजूक असल्यामुळे ते घरच्या धंद्यात न पडता गणिताकडे वळले. पण नोकरी काही मिळेना. १८३५ मध्ये त्यांनी अमेरिकेला जायची तयारीसुद्धा केली होती. ऐनवेळी प्रागमध्ये शिक्षकाची जागा मिळाली आणि ते थांबले.

२५ मे १८४२ रोजी प्रागमध्येच त्यांनी आपला सिद्धांत मांडला. लहरींचा स्रोत जवळ येत असेल तर त्यांची वारंवारता वाढलेली जाणवते, दूर जात असेल तर घटलेली. ताऱ्यांचे रंग याचमुळे वेगवेगळे दिसतात, असं त्यांना वाटत होतं. इथे ते चुकले, कारण ताऱ्याचा रंग मुख्यतः त्याच्या तापमानावर ठरतो. मूळ नियम मात्र अचूक होता.

१८४५ मध्ये हॉलंडच्या बॉईज बॅलट यांनी धावत्या रेल्वेवर तुतारीवादक बसवून तो तपासला. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न खराब हवामानामुळे फसला, पण जूनमध्ये नियम खरा ठरला. तरीही १८५२ मध्ये व्हिएन्नात गणितज्ञ पेत्सवाल यांनी त्यावर कडाडून टीका केली. फुप्फुसाच्या आजाराने खंगलेले डॉपलर हवापालटासाठी व्हेनिसला गेले. तिथेच १७ मार्च १८५३ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज शास्त्रज्ञ ट्रकवर 'डॉपलर लिडार' बसवून वादळांच्या जवळ जातात. हे यंत्र अवरक्त लेसरचे झोत सोडतं. हवेतल्या धूलिकणांवर आपटून परतलेल्या प्रकाशाच्या वारंवारतेतला फरक पाहून, वारा यंत्राच्या दिशेने किती वेगाने येतोय किंवा दूर जातोय, हे कळतं. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यामुळे पडणारा फरक असतो जेमतेम ७५ लाखांत एक भाग! मुसळधार पावसापलीकडे लिडारला दिसत नाही, तिथे रडार लागतं. पण पाऊस नसलेल्या हवेत, वादळाकडे खेचला जाणारा वारा लिडार छान टिपतं.

वादळ पुढे किती उग्र होईल, हे समजून घ्यायला याच वाऱ्याची माहिती लागते. नजर ताऱ्यांवर ठेवून मांडलेला नियम असा जमिनीवरच्या माणसांच्या कामी आला.