लॉरेन्स ऑफ अरेबियाला वाचवता आलं नाही, पण याच डॉक्टरमुळे बाईकवाल्यांच्या डोक्यावर हेल्मेट आलं

पावसाळ्यातला कुठलाही रविवार घ्या. सकाळपासूनच खोपोलीत बाईकची रांग लागलेली असते. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे मुंबई-पनवेलकडून निघालेली सगळी पोरं जुन्या हायवेनं चौक, खालापूर करत येतात. कुणी चौकातून वळून कर्जतला जातं, कुणी बोरघाट चढून लोणावळ्याला. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराचं मंदिर आलं की गाडी हळू होते, नाणं पडतं, हात जोडले जातात आणि गाडी पुढं निघते.

या रांगेत हेल्मेट जवळपास सगळ्यांकडं असतं. फक्त ते डोक्यावर असतंच असं नाही. कुणाचं आरशाला लटकलेलं, कुणाचं कोपरात अडकवलेलं, कुणाचं डोक्यावर आहे पण पट्टा मोकळा. आणि गावातल्या गावात, म्हणजे दहिवलीहून कर्जत स्टेशनला जायचं असेल, तर हेल्मेट घरीच. कारण ठरलेलं, इथंच तर जायचंय.

असंच, घरापासून जेमतेम दोन-अडीच किलोमीटरवर जाऊन येताना जगातल्या एका सगळ्यात गाजलेल्या माणसाचा बाईकवर अपघात झाला. आणि त्याच्या उशाशी उभ्या असलेल्या एका डॉक्टरनं पुढं बाईकवाल्यांच्या डोक्याचा प्रश्न मनावर घेतला.

त्या डॉक्टरचं नाव ह्यू केर्न्स.

केर्न्स यांचा जन्म 1896 चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी या बंदराच्या गावचा. वडील स्कॉटलंडहून आलेले, लाकूडकाम करणारे. घरी पैसा नव्हता, पण पोरगं हुशार निघालं. शिष्यवृत्त्या मिळवत ते ॲडलेडला डॉक्टरी शिकायला लागले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. शिक्षण अर्धवट ठेवून 1915 मध्ये ते साधे सैनिक म्हणून लष्कराच्या वैद्यकीय दलात गेले आणि ग्रीसच्या लेमनॉस बेटावरच्या लष्करी हॉस्पिटलात राबले. परत येऊन 1917 मध्ये डॉक्टर झाले आणि पुन्हा फ्रान्सच्या आघाडीवर गेले. या वेळी हुद्दा होता कॅप्टनचा.

युद्ध संपल्यावर ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला पोचले. गडी अंगानंही दणकट. 1920 मध्ये ऑक्सफर्ड विरुद्ध केंब्रिज या प्रसिद्ध बोटींच्या शर्यतीत ते ऑक्सफर्डकडून वल्ही मारायला होते.

त्या काळात मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे शेवटचा उपाय. कवटी उघडलेला पेशंट वाचेल याची खात्री कुणीच देत नसे. या क्षेत्रात एकच नाव सगळ्यांच्या वर होतं, अमेरिकेतले डॉ. हार्वे कुशिंग. केर्न्स 1926 मध्ये वर्षभरासाठी बोस्टनला त्यांच्या हाताखाली गेले. तिथून परतले ते फक्त मेंदूचं काम करायचं ठरवूनच. लंडन हॉस्पिटलमध्ये त्यांनी हे काम उभं केलं आणि काही वर्षांतच इंग्लंडमधल्या मोजक्या मेंदूच्या सर्जनपैकी ते एक झाले.

आता येतो 1935 चा मे महिना.

टी. ई. लॉरेन्स म्हणजेच लॉरेन्स ऑफ अरेबिया. पहिल्या महायुद्धात अरबांना सोबत घेऊन तुर्कांविरुद्ध लढलेला ब्रिटिश अधिकारी. प्रसिद्धीला कंटाळून तो नाव बदलून हवाई दलात साध्या हुद्द्यावर भरती झाला. त्या नोकरीत दोनेक वर्षं तो आपल्याकडंही होता. 1927 मध्ये कराचीला, जे तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, मग वायव्य सरहद्दीवर. जानेवारी 1929 मध्ये मुंबई बंदरातूनच बोटीत बसून तो मायदेशी गेला.

लॉरेन्सला एक वेड होतं, बाईकचं. ब्रफ सुपिरियर ही तेव्हाची सगळ्यात महागड्या बाईकपैकी एक. त्यानं एकामागून एक अशा सात घेतल्या होत्या. हजारो मैल गाडी चालवलेला, हात बसलेला माणूस.

13 मे 1935 रोजी तो डॉर्सेटमधल्या आपल्या घरातून जवळच्या बॉव्हिंग्टन छावणीच्या पोस्टात गेला. काम उरकून परत निघाला. रस्त्याला एक खोलगट भाग होता, त्यात सायकलवरची दोन मुलं समोर आली. त्यांना चुकवायला गेला आणि गाडीवरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. त्या काळात शर्यतवाले सोडले तर कुणीच घालत नसे.

छावणीच्या हॉस्पिटलात तो सहा दिवस बेशुद्ध होता. त्याच्यासाठी जे मोठे डॉक्टर बोलावले गेले त्यांत 38 वर्षांचे केर्न्स होते. पण मेंदूला इतकी इजा झाली होती की करण्यासारखं काही उरलं नव्हतं. 19 मे रोजी 46 वर्षांचा लॉरेन्स गेला.

देशातला उत्तम सर्जन उशाशी असूनही माणूस हाती लागला नाही. अशा पेशंटचा निकाल ऑपरेशन टेबलवर येण्याच्या कितीतरी आधी, रस्त्यावरच लागलेला असतो.

1937 मध्ये केर्न्स ऑक्सफर्डला सर्जरीचे प्राध्यापक झाले. दोन वर्षांनी दुसरं महायुद्ध सुरू झालं. लष्करानं डोक्याच्या जखमांची जबाबदारी त्यांच्यावर दिली. ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजमध्ये खास डोक्याला मार लागलेल्या सैनिकांचं हॉस्पिटल उघडलं. गाड्यांवर ऑपरेशन थिएटर लादून थेट आघाडीजवळ नेणारी फिरती पथकं त्यांनी उभी केली.

पण ऑक्सफर्डला येणारे सगळे जखमी काही गोळ्या लागलेले नव्हते. बरेच जण बाईकवरून पडलेले होते. निरोप पोचवण्यासाठी लष्कराचे शेकडो जवान बाईकवर धावत असत. बॉम्बहल्ल्याच्या भीतीनं रस्त्यावरचे दिवे बंद, गाडीच्या दिव्यालाही झाकण. अंधारात पोरं आदळत होती.

केर्न्स यांनी आकडे काढले. युद्धाआधीच्या 21 महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर 1,884 बाईकवाले मेले होते. युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत 2,279. गेलेल्यांपैकी बहुतेकांना डोक्याचा मार होता. आणि त्यांच्या नोंदींमध्ये अपघातावेळी हेल्मेट घातलेले फक्त सात जण सापडले. सातही जण वाचले होते.

सात हा आकडा लहान आहे, त्यावरून सगळं सिद्ध होत नाही, हे त्यांनाही कळत होतं. तरी ऑक्टोबर 1941 मध्ये त्यांनी हे सगळं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. पुढच्याच महिन्यात लष्करानं ड्युटीवरच्या बाईकस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

केर्न्स तिथं थांबले नाहीत. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांना सोबत घेऊन त्यांनी हेल्मेट घालून पडलेल्या 106 जणांचा अभ्यास केला आणि तो 1943 मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूला नेमकं काय होतं हे होलबोर्न जिलेटिनच्या प्रतिकृती करून बघत होते. वाटीतला खरवस डोळ्यापुढं आणा. वाटी झटक्यात गोल फिरवली तर वाटी शाबूत राहते, पण आत खरवसाला चिरा जातात. कवटी न फुटताही मेंदू का जखमी होतो, त्याचं कारण हे.

1946 मध्ये केर्न्स यांनी पुन्हा हिशोब मांडला. नोव्हेंबर 1941 नंतर बाईकवाल्यांच्या मृत्यूंचा आलेख खाली आलेला स्पष्ट दिसत होता. 1942 मध्ये खासगी गाड्यांचं पेट्रोलही बंद झालं होतं, त्यामुळं सगळं श्रेय हेल्मेटला देता येत नाही. पण हेल्मेट घालून पडलेल्यांच्या जखमा सौम्य होत्या, हे हॉस्पिटलात दिसतच होतं.

पेनिसिलिनची युद्धभूमीवरची पहिली मोठी चाचणी 1943 मध्ये उत्तर आफ्रिकेत झाली, त्यातही हॉवर्ड फ्लोरी यांच्यासोबत केर्न्स होते. 1946 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. 18 जुलै 1952 रोजी कर्करोगानं ते गेले. वय फक्त 56.

त्यांच्या हयातीत साध्या नागरिकांसाठी हेल्मेटची सक्ती आलीच नाही. ब्रिटनमध्ये ती आली 1973 साली, त्यांच्यानंतर 21 वर्षांनी. आपल्याकडं 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये ती आहे, मागं बसणाऱ्यालासुद्धा.

केर्न्स यांच्या काळातलं हेल्मेट म्हणजे लगद्याची किंवा रबराची टोपी. फक्त डोक्याचा वरचा भाग झाकायची. पुढं 1950 च्या दशकात आतून थर्माकोल आला, आणि 1968 मध्ये अमेरिकेच्या बेल कंपनीनं हनुवटीसकट पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट काढलं. तेच आजचं फुल फेस. माणूस पडला की तोंड आणि हनुवटी रस्त्यावर घासण्याची शक्यता मोठी असते. अर्ध्या हेल्मेटला तिथं काहीच करता येत नाही.

हेल्मेट काम कसं करतं? बाहेरचं कवच फटका पसरवतं. आतला थर्माकोल चेपतो आणि डोकं थांबायला क्षणभर जास्त वेळ देतो. त्या क्षणभरावर सगळा खेळ असतो. चेपलेला थर्माकोल परत फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी बाद. सेकंडहँड घेऊ नये तेही यामुळंच.

आता दुकानात गेल्यावर काय बघायचं? आधी मागच्या बाजूला आयएसआयचा शिक्का आणि त्यावर आयएस 4151 हा क्रमांक. 1 जून 2021 पासून हा शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेल्या स्वस्त टोप्या पावती फाडण्यापासून वाचवतील, फटक्यापासून नाही.

मग माप. शिंप्याचा टेप भुवयांच्या थोडं वर, डोक्याच्या सगळ्यात रुंद भागाभोवती फिरवायचा. नवीन हेल्मेट घट्टच बसायला हवं. गाल दाबले गेले पाहिजेत, हातानं हेल्मेट हलवलं तर कपाळाची कातडीही सोबत हलली पाहिजे. पहिल्याच दिवशी सैल आणि आरामशीर वाटणारं हेल्मेट एक नंबर मोठं असतं, कारण आतली गादी वापरून आणखी बसते.

घट्ट आणि टोचरं यात मात्र फरक आहे. दुकानातच पंधरा-वीस मिनिटं घालून ठेवा. कपाळावर एकाच ठिकाणी ठणका लागला किंवा काढल्यावर लाल डाग दिसला, तर माप बरोबर असूनही त्याचा आकार तुमच्या डोक्याचा नाही. दुसरं मॉडेल बघा. टोचणारं हेल्मेट शेवटी कोपरातच जातं.

पट्टा लावा, हनुवटीखाली फार तर दोन बोटं जाऊ द्या. आता मागच्या कडेला हात घालून हेल्मेट पुढं ढकला. निघून आलं तर अपघातातही निघून येईल.

काच पारदर्शकच घ्या, काळी काच संध्याकाळनंतर घाटात घात करते. पावसाळ्यात बोरघाटात ढग उतरतात तेव्हा श्वासानंही काच धुरकट होते. धुकं न धरणारी आतली पट्टी आणि हवा खेळायला झरोके असलेलं हेल्मेट असेल तर काच वर करून, तोंडावर पाऊस झेलत गाडी चालवायची वेळ येत नाही.

आणि शेवटची गोष्ट दुकानात मिळत नाही. कर्जत-खालापूरच्या एखाद्या आतल्या रस्त्यावर कुणी पडलं, तर मेंदूच्या सर्जनपर्यंत पोचायला पनवेल किंवा नवी मुंबई गाठावी लागते. तेवढा वेळ प्रत्येकाकडं असतोच असं नाही. लॉरेन्ससाठी तर सर्जन येऊन उभे राहिले होते, तरी उपयोग झाला नाही.

तो पोस्टातून घरी चालला होता. इथंच तर जायचं होतं.