ताश्कंदची स्वाक्षरी आणि लालबहादूर शास्त्रींची अखेरची कसोटी

नवी दिल्ली, ११ जानेवारी : भारताचे दुसरे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे ११ जानेवारी १९६६ रोजी, मध्यरात्र उलटल्यानंतर, तत्कालीन सोव्हिएत संघातील ताश्कंद येथे निधन झाले. त्याच्या काही तास आधी त्यांनी पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान यांच्यासमवेत ताश्कंद घोषणापत्रावर स्वाक्षरी केली होती. भारतीय जवानांनी रक्त सांडून जिंकलेली हाजी पीर खिंड या घोषणापत्रानुसार परत द्यावी लागणार होती. परदेशात घेतलेल्या या निर्णयाचे संसदेत आणि जनतेसमोर समर्थन करण्याची संधी मात्र शास्त्रीजींना मिळाली नाही.

मुगलसराय येथे २ ऑक्टोबर १९०४ रोजी जन्मलेल्या लालबहादूर यांचे पितृछत्र अगदी लहानपणीच हरपले. काशी विद्यापीठातून १९२५ मध्ये मिळालेली ‘शास्त्री’ ही पदवीच पुढे त्यांचे नाव बनली. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी अनेकदा कारावास भोगला. नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूर येथील रेल्वे अपघातात शंभरहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा त्याची नैतिक जबाबदारी स्वीकारून त्यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले. निर्णयाची जबाबदारी दुसऱ्यावर न ढकलण्याचा हा स्वभाव अखेरपर्यंत टिकून राहिला.

जवाहरलाल नेहरूंच्या निधनानंतर ९ जून १९६४ रोजी त्यांनी पंतप्रधानपदाची सूत्रे हाती घेतली. लगेचच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. नेहरूंनी परराष्ट्र खाते सतरा वर्षे स्वतःकडे ठेवले होते; शास्त्रीजींनी ते सरदार स्वर्णसिंग यांच्याकडे सोपवले. नेहरूंना जगभर जो मान होता, तो नव्या पंतप्रधानांना कसा मिळणार, अशी शंका स्वपक्षातही व्यक्त होत होती. ऑक्टोबर १९६४ मध्ये कैरो येथील अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेहून परतताना ते कराचीत थांबले आणि अयुब खान यांना भेटले. मृदुभाषी, लहानखुऱ्या चणीच्या या नेत्याच्या निर्धाराचा अंदाज पाकिस्तानी राज्यकर्त्यांना त्या भेटीत आला नाही, असे पुढील घटनांवरून दिसते.

एप्रिल १९६५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी शास्त्रीजींचा नियोजित अमेरिका दौरा अचानक पुढे ढकलला. त्या काळी देशाला अमेरिकी गव्हाची नितांत गरज होती. तरीही जूनमध्ये कॅनडापर्यंत जाऊनही शास्त्रीजींनी वॉशिंग्टनची वाट धरली नाही. हा स्वाभिमान देशाला भावला.

कच्छच्या रणाच्या प्रश्नावर मात्र वेगळा अनुभव आला. राष्ट्रकुल परिषदेसाठी ते लंडनला गेले असताना ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मध्यस्थी केली आणि ३० जून १९६५ रोजी भारत-पाकिस्तान करार झाला. सीमेचा वाद लवादाकडे सोपवण्यास शास्त्रीजींनी संमती दिल्याने विरोधकांनी रान उठवले. ऑगस्टमध्ये जनसंघाने राजधानीत मोठी निदर्शने केली. परदेशातील तडजोडीला देशात किती लवकर दुबळेपणाचे लेबल लागते, याची जाणीव त्यांना तेव्हाच झाली असावी.

त्याच ऑगस्टमध्ये पाकिस्तानने काश्मीरमध्ये घुसखोर पाठवले. घुसखोरीच्या वाटेवरील हाजी पीर खिंड भारतीय सैन्याने २८ ऑगस्टला काबीज केली. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये शिरले आणि ६ सप्टेंबरला भारतीय सैन्याने लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला, तेव्हा शास्त्रीजी लोकप्रियतेच्या शिखरावर होते. जय जवान, जय किसान ही त्यांची घोषणा खेडोपाडी पोहोचली होती.

या लोकप्रियतेचे ओझे घेऊनच ते सोव्हिएत पंतप्रधान अलेक्सी कोसिगिन यांच्या निमंत्रणावरून जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला गेले. स्वर्णसिंग आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण त्यांच्यासोबत होते. हाजी पीर सोडणार नाही, असे शास्त्रीजींनी जाहीरपणे सूचित केले होते. परंतु ५ ऑगस्टपूर्वीच्या स्थितीवर दोन्ही सैन्यांनी परतावे, असा सुरक्षा परिषदेचा ठराव होता. छांबचा भाग अद्याप पाकिस्तानच्या ताब्यात होता; खिंड राखायची, तर तो परत मिळणे अवघड होते. काश्मीर प्रश्नावर सुरक्षा परिषदेत भारताच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या सोव्हिएत संघाला दुखावणेही परवडणारे नव्हते.

बोलणी अनेकदा तुटण्याच्या बेतात आली. अखेर १० जानेवारीला घोषणापत्र झाले. २५ फेब्रुवारीपर्यंत सैन्ये माघारी घेणे, युद्धकैदी परत करणे, राजनैतिक संबंध पूर्ववत करणे आणि बळाचा वापर न करता वाद सोडवणे हे त्याचे मुख्य मुद्दे होते. काश्मीरवर प्रत्येकाने आपली भूमिका मांडल्याचा केवळ उल्लेख राहिला.

त्या रात्री शास्त्रीजींनी दिल्लीला दूरध्वनी केला. त्यांच्यासोबत ताश्कंदला गेलेले पत्रकार कुलदीप नय्यर यांनी नोंदवल्यानुसार, हाजी पीर परत देणे घरच्यांनाही रुचले नव्हते आणि त्यामुळे शास्त्रीजी अस्वस्थ झाले होते. काही तासांतच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशी वाटाघाटीत समोर बसलेल्या अयुब खान यांनी कोसिगिन यांच्यासह त्यांच्या शवपेटीला खांदा दिला.

घोषणापत्रावरील नाराजीतून पुनर्वसनमंत्री महावीर त्यागी यांनी राजीनामा दिला. पण शोकात बुडालेल्या देशात विरोधाची धार बोथट झाली. शवविच्छेदन न झाल्याने निधनाबद्दलच्या शंका मात्र कायमच्या मागे राहिल्या आणि कराराच्या गुणदोषांपेक्षा त्यांचीच चर्चा अधिक झाली. १९ जानेवारीला काँग्रेस संसदीय पक्षाने मोरारजी देसाई यांच्याविरुद्ध ३५५ विरुद्ध १६९ मतांनी इंदिरा गांधी यांची नेतेपदी निवड केली आणि देशाच्या राजकारणाला नवे वळण लागले. माघारीचा करार नव्या सरकारने पाळला.

पाकिस्तानात ताश्कंदविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले. परराष्ट्रमंत्री झुल्फिकार अली भुट्टो त्याच वर्षी सरकारबाहेर पडले आणि या असंतोषावर त्यांनी आपले राजकारण उभारले. १९६९ मध्ये अयुब खान यांना सत्ता सोडावी लागली.

शास्त्रीजींना १९६६ मध्ये मरणोत्तर भारतरत्न प्रदान करण्यात आले. हाजी पीर सोडणे योग्य होते की अयोग्य, हा वाद आजही संपलेला नाही. मायदेशी रोष वाट पाहत आहे हे ठाऊक असूनही त्यांनी ती स्वाक्षरी केली होती. अरियालूरच्या अपघातानंतर पद सोडणाऱ्या या नेत्याने ताश्कंदची जबाबदारीही स्वतःच्या शिरावर घेतली असती, याविषयी त्यांना ओळखणाऱ्यांना शंका नव्हती. काळाने मात्र त्यांना तेवढा अवसर दिला नाही.